तार तुटली हें कळणें



दूरध्वनीवर बोलणें संपलें कीं आपण "ठेवतों आतां" असें म्हणतों. परंतु दोन यंत्रें तारेवर बोलत असलीं, तर एक निघून गेल्याचें दुसऱ्यास कसें कळावें?

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें आपल्या देशांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट-सेवा सुरू केली. त्या काळीं घरचा संगणक मोडेमच्या द्वारें टेलिफोनवरून दूरच्या यंत्रास जोडावा लागे. असें यंत्र बहुधा युनिक्स पद्धतीचें असे. पुढें एकदां एका संस्थेच्या यंत्रास मीं असाच फोन लावला. नांव किंवा संकेतशब्द कोणी विचारलाच नाहीं. एक कळ दाबतांच कोणा अपरिचिताच्या खाजगी पत्राचें पुढील पान पडद्यावर उमटलें! मीं लाजून फोन बंद केला. त्या गृहस्थाची तार मध्येंच तुटली होती, आणि यंत्रास तें कळलेंच नव्हतें.

असें कां व्हावें? दोन मोडेम जोडले गेले कीं तारेवर एक स्वर अखंड वाहत राहतो. त्यास 'कॅरियर' म्हणतात. तो ऐकूं येईल तोंवरच मोडेमनें संगणकाकडे जाणाऱ्या एका वेगळ्या तारेवर 'आहे' अशी खूण ठेवावयाची असते. नऊ पिनांच्या जोडणींत ही तार पहिल्या पिनेवर, तर पंचवीस पिनांच्या जोडणींत आठव्या पिनेवर असते. युनिक्समधील 'गेटी' नांवाचा द्वारपाळ या खुणेची वाट पाहतो, आणि मगच नांव विचारतो. खूण नाहींशी होतांच युनिक्स त्या पाहुण्याच्या कामास 'हँग-अप'चा इशारा देतें, आणि तें काम सामान्यतः तेथेंच आटोपतें.

परंतु कांहीं मोडेम कारखान्यांतून येतांनाच ही खूण कायम लावून येत. वर्गांत एखादा विद्यार्थी प्रत्येक नांवास "हजर" म्हणून ओरडूं लागला, तर हजेरीपटाचा काय उपयोग? यावर उपाय सोपा होता. मोडेमला 'एटी-अँड-सी-वन' ही आज्ञा दिली कीं खूण खऱ्या स्वरामागून चाले. 'अँड-डी-टू' दिली कीं संगणकानें आपली तयारीची खूण काढतांच मोडेम फोन खालीं ठेवी. आणि 'अँड-डब्ल्यू'नें हें सारें त्याच्या स्मरणांत राही. युनिक्सच्या बाजूस 'सीलोकल' बंद व 'एचयूपीसीएल' चालू ठेवावें लागे. कारण 'सीलोकल' चालू असल्यास यंत्र त्या खुणेकडे पाहतच नाहीं. शिवाय केबलमध्यें ती तार असलीच पाहिजे.

एवढें करूनहि परीक्षा घ्यावी लागे. आंत शिरून टेलिफोनची तार उपटावी, आणि दुसऱ्या पडद्यावरून 'हू' ही आज्ञा देऊन पाहावें. आपलें नांव यादींतून गेलें, तर व्यवस्था ठीक.

आज घरोघरचे ते मोडेम मागें पडले. तथापि ज्याच्या दाराशीं परक्यांचीं पत्रें ठेवलेलीं आहेत, त्या पहारेकऱ्यास पाहुणा आल्याचें कळणें जितकें आवश्यक, तितकेंच तो गेल्याचेंहि कळणें आवश्यक आहे.