क्लच गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या डॉक्टर मित्राला गुडघेदुखीवर अर्धा तास मिळाला, मला दहा मिनिटं. हरकत नाही, क्लचला पुरतात. विषयही मी निवडलेला नाही. आपल्या ग्रुपवर सारखं कुणीतरी विचारतं, "गॅरेजवाला म्हणतो क्लच गेला, करू का?" गाडी न बघता मी काय सांगणार? पण गॅरेजची पायरी चढण्याआधी तुम्हाला स्वतःला काय बघता येईल, ते सांगतो.

बाईंनी घर्षण शिकवताना टेबलावर डस्टर ओढून दाखवला होता. क्लच म्हणजे तेच. इंजिनाचं फ्लायव्हील, आणि त्यावर प्रेशर प्लेटने दाबून धरलेली क्लचप्लेट. पेडल दाबलं की ती पकड सुटते, सोडलं की पुन्हा बसते. बसताना जे घासतं, ते झिजतं. कल्याणचा पत्रीपूल, शिळफाट्याची रांग, इथे आपण अर्ध्या पेडलवर इंच इंच सरकतो तेव्हा प्लेट घासतच असते. आणि घोडबंदरला गायमुखच्या चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी उभी धरणारेही आहेत. त्यांच्यावर माझं घर चालतं.

पहिली तक्रार: अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, पण गाडी वेग घेत नाही. चढावर जास्त जाणवतं, कधी जळका वास येतो. याला आम्ही स्लिप मारणं म्हणतो. खात्री करायची तर सपाट मोकळ्या जागी, पुढे कुणी नाही बघून, हँडब्रेक घट्ट ओढा. तिसरा गिअर टाका, थोडा अॅक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर पकड ठीक आहे. चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे. हे एकदाच करा. दहा वेळा केलंत तर चांगली प्लेटही जळेल. शिवाय स्लिप म्हणजे प्लेट झिजलीच असं नाही. केबल जास्त ताणलेली असली किंवा ऑइल सीलमधून तेल प्लेटवर आलं तरी असंच होतं.

दुसरी तक्रार उलटी: क्लच सुटतच नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू, पेडल पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. कर्रकन आवाज आला तर क्लच पुरता सुटत नाही. इथे आधी खाली वाका आणि पेडलखालची रबरी मॅट बघा. हसू नका, मी त्या मॅटचेही पेशंट पाहिलेत. मग केबल. हायड्रॉलिक क्लच असेल तर ऑइलची पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच डबीतलं ऑइल वापरतात. पातळी उतरली असेल तर गाडी चालवत आणू नका, मला बोलवा.

२६ जुलै २००५ नंतर पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या आमच्याकडे आल्या, त्यांचा प्रकार वेगळाच. प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली, पेडल दाबलं तरी सुटेना.

आवाजाचं थोडक्यात: पेडल दाबल्यावर घरघर आली तर बहुधा रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येते आणि दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग बघायचं.

हे सगळं मी शहाणा म्हणून सांगत नाही. धंद्याच्या पहिल्या वर्षी डोंबिवलीतले एक काका ओम्नी घेऊन आले. शाळेची मुलं ने-आण करायचे. गिअर पडत नाही म्हणाले. मी खाली न वाकताच सांगितलं, "काका, प्लेट गेली." गिअरबॉक्स उतरवला, प्लेट चांगली निघाली. पेडलपाशी केबलच्या तारा तुटत आल्या होत्या. पाच मिनिटांत दिसलं असतं. लाज वाटली म्हणून मी गप्प राहिलो, नवी प्लेट बसवली, केबलही बदलली आणि सगळ्याचे पैसे घेतले. व्हॅन दोन दिवस उभी होती. त्या दोन दिवसांत काकांनी स्वतःच्या खर्चाने रिक्षा करून मुलांना शाळेत सोडलं, हे मला नंतर कळलं.

चार वर्षांनी पैसे घेऊन घरी गेलो, खरं ते सांगितलं. काका म्हणाले, "जुनी प्लेट परत दिली नाहीस, तेव्हाच कळलं होतं मला." मजुरी परत घेतली, प्लेटचे पैसे घेतले नाहीत. म्हणाले, प्लेट वापरली ना मी. त्यांची मुलगी आपल्या वर्गातली, आत्ता समोर बसली आहे. तिला विचारूनच हे सांगतोय.

तेव्हापासून काढलेला प्रत्येक पार्ट मी गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवतो. तुम्हीही कुठल्याही गॅरेजमध्ये काम सांगतानाच सांगा, जुना पार्ट परत हवा.

जेवणानंतर मी मैदानात आहे. ज्यांना तिसऱ्या गिअरची चाचणी बघायची असेल त्यांनी गाडी घेऊन या. फक्त गाडीचं तोंड सरांच्या स्कूटरकडे नको.