परीक्षेत नसलेली भाषा



'किशोरवयीन मुलं आणि वाचनाचा आनंद' असा विषय मला दिला आहे. या विषयावर बोलायला उभं राहिलेलं माणूस पहिली पाच मिनिटं मोबाईलच्या नावाने बोटं मोडतं. ती पाच मिनिटं मी वाचवते. धार जिल्ह्यातल्या कुक्षी तहसिलीत मी बरीच वर्षं शिकवलं आणि निवृत्तीनंतर निसरपुरात मुलांबरोबर गोष्टीची पुस्तकं वाचते. मी पाहिलं ते असं, की मोबाईल हातात येण्याच्या आधीच मूल पुस्तकापासून सुटलेलं असतं. पाचवी-सहावीपर्यंत ते गोष्ट ऐकतं, मागतं, तीच गोष्ट पुन्हा वाचतं. मग वाचनाचा अभ्यास होतो. गोष्ट संपली रे संपली की खाली प्रश्न: या पाठातून तुम्हाला काय शिकायला मिळालं? ज्याला गोष्टीत फक्त मजा आली, त्याने इथे काय लिहायचं? तो गाईडमधलं उत्तर उतरवतो. असं सहा वर्षं झालं, की छापलेला कागद दिसला तरी त्याला त्याखालचे प्रश्न दिसू लागतात.

हे सगळीकडचं दुखणं आहे. फ्रान्समध्ये शिक्षक असलेल्या दानिएल पेनाक यांनी १९९२ साली यावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात वाचकाचे दहा हक्क सांगितले. पहिलाच हक्क न वाचण्याचा. पानं गाळण्याचा हक्क, पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क आणि शेवटी, वाचून झाल्यावर गप्प बसण्याचा हक्क. आपल्या शाळांमध्ये या शेवटच्या हक्काची फार गरज आहे. वाचून झाल्यावर मुलाला काही काळ कुणी काही विचारू नये.

आता आपल्या मुलखाकडे येते. धार, देवास, इंदूर इथल्या मराठी घरांत मराठी बोलली जाते, पण आमच्या भागात मुलाच्या शाळेत ती विषय म्हणून नाही. म्हणून मराठी संपत चालली, असं आपण प्रत्येक सभेत म्हणतो, आणि ते खोटं नाही. आजोबा गेल्यावर त्यांचं कपाट रद्दीवाल्याकडे जाताना मी पाहिलं आहे; नातवाला त्यातली पुस्तकं कोणती, हे सांगता येत नव्हतं. पण या परिस्थितीची दुसरी बाजू मला निसरपुरात दिसली. मराठीचा पेपर नाही. मराठीत गुण नाहीत, गाईड नाही, बोध नाही. या मुलांच्या आयुष्यात अभ्यासाने न बाटलेली अशी एकच छापील भाषा उरली आहे आणि ती मराठी आहे.

शिवाय ती त्यांना वाचता येते! पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे सांगितलं की आश्चर्य वाटतं. हिंदीची लिपी तीच. 'ळ' आमच्या निमाडी-माळवी बोलणाऱ्या मुलांच्या जिभेवर आधीपासूनच आहे. अडचण येते ती सारख्या दिसणाऱ्या शब्दांची, आणि तिथेच मजा सुरू होते. 'शिक्षकांनी त्याला शिक्षा दिली' हे वाक्य वाचून आठवीतला एक मुलगा म्हणाला, "त्यात काय, मॅडम, ते तर त्यांचं कामच आहे." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. राग म्हणजे त्याच्या लेखी गाण्यातला राग, ताई म्हणजे मोठी काकू, खाली म्हणजे रिकामं. आणि 'आई' म्हणजे 'आली'. एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर अशा शब्दांची यादी धरली आहे. मी सांगितली नव्हती. सांगितली असती तर तिने धरली नसती, असा माझा दाट संशय आहे.

निसरपूर हे नाव इथल्या अनेकांना वर्तमानपत्रातूनच माहीत असेल. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरलं आणि आमचं भरल्या बाजारपेठेचं गाव डुबीत गेलं. लोक नव्या बसाहटीत आले. तेव्हा दुसरी-तिसरीत असलेली मुलं आता आठवी-नववीत आहेत. त्यांना जुनं गाव आठवतं, पण तुकड्या-तुकड्यांनी: एक दुकान, एक निंबाचं झाड, शाळेकडे वळणारी गल्ली. घरातली मोठी माणसं मोबदल्याबद्दल आणि प्लॉटबद्दल बोलतात, गल्लीबद्दल बोलत नाहीत.

या मुलांसमोर विश्वास पाटलांची 'झाडाझडती' ठेवावी की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. धरणग्रस्तांवरची ही कादंबरी, १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. जाडजूड आणि दुःखाची. आनंदासाठी वाचन म्हणायचं आणि हातात हे द्यायचं? शेवटी मी त्यातले काही भाग शनिवारी संध्याकाळी ओटल्यावर बसून मोठ्याने वाचले. मुलं रडली नाहीत, भांडली. "असं नव्हतं, आमच्याकडे असं झालं." "तुला काय माहीत, तू तेव्हा मामाकडे होतास." जुन्या गावाबद्दल ही मुलं एकमेकांशी इतकं बोलताना मी प्रथमच ऐकत होते. वाचनाचा आनंद म्हणजे हसू आणि करमणूक एवढंच नव्हे, हे मला वाटतच होतं; पण आपल्यावर जे गुदरलं ते दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या नदीच्या काठी, शब्दांत मांडून ठेवलं आहे, हे कळल्यावर चौदा वर्षांच्या पोराच्या चेहऱ्यावर जे येतं, त्याला आनंदाखेरीज दुसरा शब्द मला सापडत नाही. एकाने ते पुस्तक घरी नेलं. किती वाचलं, हे मी विचारलं नाही.

पण फक्त गंभीर पुस्तकं देऊन हे होत नाही, उलट सुरुवात दुसरीकडूनच करावी लागते. सगळ्यांत जास्त फाटलेलं पुस्तक आमच्याकडे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे आणि त्याचं ते 'ट्टॉक'! नर्मदाकाठच्या पोरांना फुरसुंगी कुठे आहे हे ठाऊक नाही. पण 'ट्टॉक' आमच्या गल्लीत आता कुणीही करतं. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैन यांच्या मराठीत मिळतो, तो मोठ्या मुली मागून नेतात. मिलिंद बोकिलांची 'शाळा' नववीतल्या मुलामुलींची, म्हणून ती लपवून वाचली जाते. मी लपवू देते, लपवून वाचण्याची गोडी वेगळी असते. माडगूळकरांची 'बनगरवाडी' पातळ आहे आणि पातळ असणं हा या वयात पुस्तकाचा मोठा गुण आहे. नारायण धारपांच्या भयकथा पावसाळ्यात वीज गेलेली असताना. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. इथे तो मोबाईलच कामाला येतो, हे मोबाईलला शिव्या देणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

धारपांचं नाव घेतल्यावर पुढच्या रांगेत एक-दोन भुवया वर गेल्या, त्या मला दिसल्या. मुलांनी 'चांगलं' वाचावं, संस्कार करणारं वाचावं, असा आपला आग्रह असतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, आणि त्या काळी घरोघरी त्या उशीखाली दडवल्या जात. त्याच उशांवर झोपणारी मंडळी पुढे गाडगीळ आणि जी. ए. वाचू लागली. आधी पान उलटायची सवय लागते, मग निवड येते. हा क्रम उलटा करायला गेलं की दोन्ही हातचं जातं.

याच माळव्यातल्या एका मराठी घराची आठवण मला इथे द्यायची आहे. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले मोठे कवी झाले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी-समीक्षक. आपल्याला प्रेमचंदांचं वेड आईने लावलं, असा लेखच गजानन माधवांनी लिहिला आहे. मराठी घरातली बाई हिंदी गोष्टी वाचते, त्यात गुंतते आणि मुलगा ते बघतो. आज आपल्यापैकी किती जणांना आपल्या मुलांनी पुस्तकात गुंतलेलं पाहिलं आहे? उपदेश करताना पाहिलं असेल, त्याबद्दल शंका नाही.

शिक्षकांसाठी थोडं रोखठोक. पुस्तकांची कपाटं कुलूपबंद असतात, कारण पुस्तक हरवलं तर ज्याच्याकडे चार्ज आहे त्याला भरून द्यावं लागेल ही धास्ती. ही भीती खोटी नाही, मीही चार्ज सांभाळला आहे. म्हणून आमची पेटी कुठल्याही रजिस्टरात नाही. लोखंडी ट्रंक आहे, गाव सोडताना एका घरातून सामान भरून आली होती, रिकामी झाल्यावर त्यांनी दिली. पुस्तकं हरवतात. वर्षाला पाच-सात तरी. हरवलेलं पुस्तक कुणाच्या तरी घरात आहे, पाण्यात नाही, एवढं मला पुरतं.

वाचून दाखवताना मी ऐन रंगात थांबते. पुढचं पान दुमडून पुस्तक पेटीवर ठेवते आणि चहा टाकायला आत जाते. बाहेर आलं की पुस्तक जागेवर नसतं. लहान मुलांसाठीच वाचून दाखवायचं असतं, ही समजूत कुणी पसरवली कोण जाणे. सोळा वर्षांची मुलंही भिंतीला टेकून ऐकतात, फक्त आपण ऐकत नाही असं दाखवतात.

आणि एक गोष्ट नर्मदेमुळे घडते. परिक्रमेला निघालेले मराठी लोक आमच्या बाजूने जातात. त्यांतल्या कित्येकांनी गोनीदांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' किंवा जगन्नाथ कुंट्यांचं 'नर्मदे हर हर' वाचलेलं असतं. पुस्तक वाचून ते घरातून निघालेले असतात. मुलं त्यांना पाणी देतात, रस्ता सांगतात. मागच्या हिवाळ्यात आमच्या एका मुलीने परिक्रमावासी आजींना विचारलं, "आजी, तुमच्याकडे वाचून झालेलं पुस्तक आहे का?" पाठीवरच्या ओझ्यातून आजींनी काढून दिलं. ओझं हलकं झालं म्हणून त्याच जास्त खूश होत्या.

इथे बसलेल्या लेखकांकडे आणि वाचकांकडे माझं एक मागणं आहे. आमच्या जवळपास मराठी पुस्तकांचं दुकान नाही. इंदूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. जुनी पाठ्यपुस्तकं, सत्कारात मिळालेले गौरवग्रंथ आणि थोर पुरुषांची संक्षिप्त चरित्रं कृपा करून पाठवू नका, ती आमच्याकडे भरपूर आहेत. तुम्ही पंधरा वर्षांचे असताना जे पुस्तक परत करायला विसरला होता, ते द्या. आत तुमचं नाव असलं तर खोडू नका; मुलं ते नाव वाचतात आणि हा माणूस कोण असेल यावर अर्धा तास बोलतात. भाषण संपल्यावर मी दाराशी थांबणार आहे, पिशवी बरोबर आणली आहे.