पहिला शब्द



पुढे जगभर गाजलेला लिव्हरपूलचा बीटल्स हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पोरांचा ताफा १९६० साली पोटासाठी जर्मनीत हॅम्बुर्गला गेला. रात्ररात्र वाजवायचे आणि सिनेमागृहामागच्या कोंदट खोलीत निजायचे. क्लबचा मालक ओरडे, 'माख शाउ!' म्हणजे 'करून दाखवा काहीतरी!' भाषेचा धडा मिळाला तो असा. पण तिथल्याच आस्ट्रिड किर्शहेर या मुलीने, इंग्रजी बेताचेच येत असूनही, त्यांना घरी नेऊन जेवू घातले. मैत्री जुळली. पुढे १९६४ साली त्यांनी आपली दोन गाणी जर्मन भाषेत म्हटली.

आपल्याही शेजारी परप्रांतीची बाई राहायला येते. तिच्या कानी पहिला मराठी शब्द कोणता पडावा, 'बाजूला व्हा' की 'या, बसा'? ते आपल्याच हाती आहे.