थोड्या भांडवलातले भय

भयपटाचे नाव निघाले की चोखंदळ रसिक नाक मुरडतो, आणि त्यातही इंग्रजीत ज्यांना ‘स्लॅशर’ म्हणतात त्या चित्रपटांचा विषय निघाला तर तो उठूनच जातो. सपासप वार करणारा, हा त्या शब्दाचा अर्थ. कथानक बहुधा एकच. एखादी एकाकी जागा, पाचसहा तरुण मुलेमुली, मुखवटा चढवलेला एक मारेकरी आणि त्याच्या हातात सुरा किंवा कुऱ्हाड. एकेक करून सारे मरतात. अखेर एक मुलगी उरते, आणि ती निसटते तरी किंवा मारेकऱ्यावर उलटते तरी. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर या चित्रपटांनी अर्ध्या शतकाहून अधिक वाटचाल केली आहे. अमेरिकेत थोड्या पैशांत चित्रपट काढू पाहणाऱ्या होतकरू माणसाला आजही हाच दरवाजा प्रथम उघडा दिसतो, कारण येथे ख्यातनाम नट लागत नाहीत, भव्य देखावे लागत नाहीत. एक घर आणि काही रात्री पुरतात.

या चित्रपटांचा पुरस्कार करणारे म्हणतात की गरिबीनेच त्यांना तेज दिले. निंदकांपुढे मात्र तेच पुरस्कर्ते सांगतात की त्यांतले जे ओबडधोबड आहे ते गरिबीमुळे आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील? गरिबीने नेमके काय दिले आणि काय हिरावले, याचा हिशेब एकदा नीट मांडून पाहावयास हवा.

हिशेबाचा आरंभ आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’पासून करावा लागतो. १९६० सालच्या या चित्रपटाच्या वेळी हिचकॉक काही गरीब नव्हता. पण त्याने गरिबी जाणूनबुजून पत्करली. आपल्या दूरचित्रवाणी मालिकेतला तंत्रज्ञांचा ताफा त्याने हाताशी घेतला, चित्रपट कृष्णधवल ठेवला आणि सुमारे ८ लाख डॉलरांत काम उरकले. स्नानगृहातल्या त्या विख्यात हत्येत रक्त म्हणून वाहते ते चॉकलेटचे पाक आहे. पाऊण मिनिटाच्या आसपासचा तो प्रसंग. पण त्याच्या चित्रणास सात दिवस लागले. काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, हे ज्याला कळते त्याचे हे काम. पैसा वाचवला तो रंगावर आणि वेतनांवर. वेळ मात्र जेथे द्यावयाचा तेथे सढळ हाताने दिला.

जॉन कार्पेंटरपाशी असा पर्यायच नव्हता. त्याचा ‘हॅलोविन’ १९७८ साली आला, तो ३ लाखांहून थोड्या अधिक डॉलरांत आणि सुमारे तीन आठवड्यांच्या चित्रणात. कथा घडते इलिनॉय राज्यातल्या एका कल्पित गावात, ऑक्टोबर अखेरीस, म्हणजे पानगळीच्या दिवसांत. चित्रण झाले कॅलिफोर्नियात, ऐन वसंतात. तेव्हा वाळकी दिसावीत म्हणून पाने रंगवली, रस्त्यावर पसरली, चित्रण होताच गोळा करून पोत्यांत भरली आणि पुढच्या रस्त्यावर पुन्हा पसरली. बारकाईने पाहणाऱ्याला काही दृश्यांत मागे ताडाची झाडे दिसतात. इलिनॉयमधल्या गावात ताड कसले! पण चित्रपट पाहताना ती कोणाला दिसत नाहीत, कारण पाहणाऱ्याचे डोळे कुंपणाआड उभ्या असलेल्या आकृतीवर खिळलेले असतात.

त्या आकृतीचा मुखवटाही असाच जमला. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, दुकानात दोन डॉलरांच्या आत मिळणारा, रबरी मुखवटा आणला. भुवया काढल्या, डोळ्यांची भोके मोठी केली आणि सारा चेहरा पांढरा रंगवला. जे उरले त्यावर राग नाही, आनंद नाही, दुःख नाही. एखाद्या नामवंत शिल्पकाराला भरपूर बिदागी देऊन मुखवटा करवून घेतला असता, तर त्याने त्यावर काही ना काही क्रौर्य कोरले असते, आणि तेथेच भीती संपली असती. मनुष्याला क्रूर चेहऱ्याची जितकी भीती वाटते, त्याहून जास्त भीती ज्या चेहऱ्यावर काहीच वाचता येत नाही त्याची वाटते.

संगीताची कथाही ऐकण्याजोगी आहे. चित्रपटाची संगीताविना असलेली प्रत कार्पेंटरने एका चित्रसंस्थेतल्या तरुण अधिकारी स्त्रीला दाखवली. तिला भीती वाटली नाही. वादकांचा ताफा बोलावण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याने स्वतःच पियानो आणि सिंथेसायझर यांवर थोड्या दिवसांत संगीत रचले. त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणी पाच मात्रांचा एक ठेका शिकवला होता; तोच त्याने धरला. चार मात्रांना सरावलेल्या पाश्चात्त्य कानाला पाचवी मात्रा अडखळवते. पाऊल टाकावे आणि पायरी हाताला लागू नये, तसे काहीसे होते. अमेरिकेतल्या चित्रपटगृहांतून या चित्रपटाने सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर मिळवले. आकडा सांगण्याचे कारण एवढेच की पुढचा सारा अनर्थ त्या आकड्यामुळे घडला.

आपल्याकडील साहित्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स हे दोन रस निराळे मानले आहेत. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. दोन्ही शेजारी नांदतात खरे, पण त्यांचा स्वभाव भिन्न. भय येणाऱ्या गोष्टीचे असते. किळस समोर आलेल्या गोष्टीची. ‘हॅलोविन’मध्ये रक्त जवळजवळ नाहीच, त्यात आहे ती वाट पाहणे. आणि वाट पाहावयास लावणे हे जगातले सर्वांत स्वस्त साधन आहे. रिकामा जिना, उघडे राहिलेले दार, वाळत घातलेल्या कपड्यांमागे क्षणभर दिसून नाहीसा झालेला माणूस, यांना काय खर्च येतो? गरिबीने या चित्रपटांना जे दिले ते हे. दाखवण्याची ऐपत नाही म्हणून सुचवणे भाग पडले, आणि सुचवण्यातच भयानकाचे सारे बळ आहे.

तरीपण गरिबीचे गोडवे गाताना एक गोष्ट सहसा झाकली जाते. ती किंमत कोणीतरी चुकवलेली असते. टोबी हूपरचा ‘द टेक्सस चेन सॉ मॅसेकर’ १९७४ सालचा. नाव ऐकूनच अंगावर शहारे यावेत. प्रत्यक्षात त्यात रक्त इतके कमी दाखवले आहे की लहान मुलांनाही पालकांसह पाहता येईल असा दाखला मिळेल, अशी हूपरला आशा होती. ती अर्थातच फोल ठरली. चित्रण टेक्ससच्या भर उन्हाळ्यात, १६ मिलिमीटरच्या अरुंद फितीवर झाले. मारेकऱ्याचे काम करणाऱ्या गुन्नार हॅन्सनपाशी एकच पोशाख होता, आणि त्याचा रंग उतरेल म्हणून तो आठवडेच्या आठवडे धुतला नाही. आजोबांचे काम करणाऱ्या तरुण नटाने ती म्हातारपणाची रंगभूषा पुन्हा चढवून घेण्यास नकार दिला, म्हणून जेवणाचा सारा प्रसंग दिवसरात्र एक करून सलग उरकावा लागला. खिडक्या झाकलेल्या, दिवे तापलेले, टेबलावरचे मांस आणि सभोवारची हाडे सडत चाललेली. नायिका मॅरिलिन बर्न्स त्या प्रसंगात किंचाळते तेव्हा ते किंचाळणे पुरते अभिनयाचे नाही, हे ऐकणाऱ्यालाही कळते. टीकाकार त्याला अस्सलपणा म्हणतात. असेल, पण नटनटींच्या अंगावरून काढलेल्या अस्सलपणाला दिग्दर्शकाचे कसब म्हणताना जीभ थोडी अडखळली पाहिजे. आणि चित्रपट अमाप चालला, तरी वितरणाच्या गैरव्यवहारामुळे या मंडळींच्या हाती फारच थोडे पडले.

‘हॅलोविन’च्या आकड्याने ज्यांची झोप उडवली त्यांत शॉन कनिंगहॅम हा एक होता. १९८० साली आलेल्या त्याच्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ची मोठी जाहिरात पटकथा धड तयार होण्याआधीच, १९७९ साली, वर्तमानपत्रात झळकली होती, आधी नाव, मग चित्रपट. खर्च साडेपाच लाख डॉलरांच्या आसपास. येथे रंगभूषेचे काम टॉम साव्हिनीकडे होते. तो व्हिएतनामच्या युद्धात सैन्याचा छायाचित्रकार होता. फाटलेले शरीर खरोखर कसे दिसते हे त्याने पाहिले होते. त्याची करामत असामान्य होती यात शंका नाही. बिछान्यावर पडलेल्या तरुणाच्या गळ्यातून खालून बाण वर येतो त्या दृश्यात रक्ताचा पंप ऐन वेळी बिघडला, तेव्हा सहायकाने नळीला तोंड लावून फुंकले आणि रक्त उसळले! गरिबीतली ही युक्ती दाद देण्याजोगीच. पण तेथे बीभत्साने भयानकाला मागे सारले. प्रेक्षक आता मारेकरी कधी येईल याची वाट न पाहता, या खेपेस कोणत्या हत्याराने आणि कसे मारील याची वाट पाहू लागला. पुढच्या दहाबारा वर्षांत निघालेल्या पुष्कळशा अनुकरणांनी एवढीच एक गोष्ट उचलली.

जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट या शिकागोच्या दोघा समीक्षकांनी १९८० साली आपला दूरचित्रवाणीवरचा एक संपूर्ण कार्यक्रम अशा चित्रपटांच्या निषेधास वाहिला. स्त्रियांना भेदरवणे हाच यांचा धंदा, असा त्यांचा आरोप होता. आणि विशेष म्हणजे ‘हॅलोविन’ला त्यांनी या आरोपातून वगळले. उलट बाजूने कॅरल क्लोव्हर या विदुषीने १९८७ सालच्या आपल्या निबंधात दाखवले की अखेर उरणारी मुलगी हीच या चित्रपटांची खरी नायक असते, आणि चित्रगृहातले तरुण पुरुष शेवटी तिच्याच बाजूने श्वास रोखून बसतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र उरलेल्या एकीचा विचार करताना गेलेल्या पाचांचा विसर पडतो, आणि या चित्रपटांचे खरे वैगुण्य त्या पाचांतच आहे.

ती माणसे कोण होती? त्यांना घरी कोण होते? बहुसंख्य स्लॅशर चित्रपटांना याचे उत्तर ठाऊक नसते. एक थट्टेखोर, एक देखणी, एक भित्रा, असे शिक्के मारून ती मरणाच्या रांगेत उभी केलेली असतात. एक मेले की दुसऱ्याला पत्ता नसतो. प्रेत सापडते ते केवळ किंकाळीसाठी. याचा दोष मात्र गरिबीच्या माथी मारता येणार नाही. ताडाची झाडे दिसली, ध्वनी अस्पष्ट आला, नट कच्चे निघाले, हे दोष पैशाच्या चणचणीचे. पण मेलेल्या मुलीची कोणी आठवण काढावी, एवढे एक वाक्य लिहिण्यास कागद आणि शाई याखेरीज काय लागते? ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मध्ये मारेकरी निघते ती एक आई. तिचा मुलगा पाळणाऱ्यांच्या हयगयीमुळे तळ्यात बुडालेला. केवढे मोठे दुःख लेखकाच्या हाती होते! ते शेवटच्या काही मिनिटांत, रहस्याचा उलगडा म्हणून, घाईघाईने सांगून टाकले आहे.

भारतात हा प्रकार निर्भेळ स्वरूपात फारसा रुजला नाही. रॅमसे बंधूंनी १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ काढला तो महाबळेश्वरी मुक्काम ठोकून, दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी ही कामे भावाभावांत वाटून घेऊन. काटकसर तीच, पण त्यांचे भय थडग्यातून उठून येणाऱ्याचे, शेजारच्या कुंपणाआडून पाहणाऱ्या माणसाचे नव्हे. तो विषय वेगळा.

अमेरिकेत मात्र ही परंपरा अजून जोरात आहे. डेमियन लिओनी याचा ‘टेरिफायर २’ हा २०२२ सालचा चित्रपट अवघ्या अडीच लाख डॉलरांचा, त्यातलाही काही भाग प्रेक्षकांच्या वर्गणीतून आलेला. मिळकत १ कोटी डॉलरांवर गेली. रंगभूषेची करामत दिग्दर्शकाची स्वतःची आणि थक्क करणारी. चित्रपट सव्वादोन तासांहून लांब आहे, आणि त्यातले एकेक मरण इतके रेंगाळते की किळसही अखेर थकून जाते. थोड्या पैशांत आता सारे काही दाखवता येते. तेव्हा दाखवण्याची ऐपत नाही म्हणून सुचवावे लागण्याची जुनी सक्तीही गेली.

‘हॅलोविन’च्या चार वर्षे अगोदर कॅनडात बॉब क्लार्कने ‘ब्लॅक ख्रिसमस’ काढला होता. नाताळच्या सुट्टीत मुलींच्या वसतिगृहात घडणारी कथा. मारेकऱ्याचा चेहरा अखेरपर्यंत दिसत नाही. फोनवर त्याचा आवाज तेवढा येतो. पहिला बळी पडते क्लेअर नावाची शांत मुलगी. तिचे प्रेत माळ्यावर, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलेले. दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला घरी नेण्यासाठी येतात आणि ठरल्या जागी, थंडीत, घड्याळ पाहत उभे राहतात. मुलगी येत नाही. मग ते वसतिगृहात जातात, चौकीवर जातात, शोधणाऱ्यांबरोबर बर्फातून हिंडतात. साधे, थोडे सोवळे, अवघडलेले गृहस्थ. प्रत्येक वेळी ते पडद्यावर आले की पाहणाऱ्याला माळ्यावरची खुर्ची आठवते, आणि ‘ती वर आहे’ असे त्यांना ओरडून सांगावेसे वाटते. चित्रपटाच्या शेवटी पोलिसांना वाटते, गुन्हेगार सापडला. खचलेल्या बापाला इस्पितळात हलवतात. घर रिकामे होते. वाचलेली मुलगी औषधाच्या गुंगीत झोपलेली. माळा कोणी तपासलेलाच नसतो. खिडकीत क्लेअर तशीच बसलेली आहे, आणि खाली फोन वाजत राहतो.