शब्दांचा घाव : मोठ्यांचा आणि मुलांचा

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्यापुढे केलेले भाषण)



गावच्या पारावर कुणाची निंदा झाली, तर ती ऐकणारे दहा-पाच असत आणि बोलणाराही समोर असे. मोबाइलवरील निंदा मात्र शहापुरातून निघून घटकाभरात मुरबाडच्या पाड्यापाड्यांवर पोहोचते आणि तिचा कर्ता पुष्कळदा अज्ञात राहतो. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा शिक्षणाच्या निमित्ताने हे साधन अनेक मुलांच्या हाती आले. म्हणून हा प्रश्न आता शाळेचा आणि ग्रामपंचायतीचाही आहे.

अपमान प्रौढांनाही लागतो. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. गावच्या व्हॉट्सॲप गटावर एखाद्या महिला सदस्याच्या कामाऐवजी तिच्या चारित्र्याची चर्चा सुरू झाली, तर ती ग्रामसभेत बोलेनाशी होते. ही हानी साऱ्या गावाची असते. तरीही प्रौढाला उत्तर देता येते, गट सोडता येतो, पोलीस ठाणे गाठता येते.

मात्र मोठ्यांच्या बाबतीत टीका आणि छळ यांत भेद केला पाहिजे. २०१२ साली, पालघर ठाणे जिल्ह्यात असताना, तेथील दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली व त्याचे पडसाद देशभर उमटले. पुढे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. बोचरी टीका हा गुन्हा नव्हे, पदाधिकाऱ्याने ती सोसलीच पाहिजे. धमकी, बदनामी आणि अश्लील चित्रांचा प्रसार यांविरुद्ध कायदा आजही आहे.

मुलाला मात्र ‘सोस’ असे सांगता येत नाही. आपण कोण आहोत, हे मूल इतरांच्या नजरेतून शिकत असते. आश्रमशाळेतील ठाकूर वा कातकरी मुलाच्या बोलीची नक्कल करणारी चित्रफीत फिरली, तर ते मूल आपल्या आईच्या भाषेचीच लाज बाळगू लागते. प्रौढ माणूस गट सोडतो. मुलाला सकाळी त्याच वर्गात बसावे लागते आणि आश्रमशाळेत रात्रही त्याच सोबत्यांत काढावी लागते.

सर्वांत मोठा फरक असा की, मूल सांगत नाही. मोबाइल काढून घेतील, ही मुलाची भीती. शाळाच बंद करून लग्न ठरवतील, ही मुलीची. ही भीती निराधार नाही. छळ करणारा मोकळा आणि छळ सोसणारी घरी, असा न्याय आपण करीत असू, तर मुलांनी आपल्यापाशी यावे तरी कशाला?

म्हणून काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. मूल शाळा टाळू लागले, गप्प राहू लागले, तर दटावण्यापूर्वी विचारावे. त्याने सांगितले, तर प्रथम ऐकून घ्यावे. पालकांना भेटून मुलीची शाळा चालू राहील, याची हमी घ्यावी. मुलांच्या चुकीच्या उत्तरांच्या चित्रफिती गंमत म्हणून शिक्षकांनी पसरवू नयेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांच्या मानसिक छळास बंदी आहे. प्रकार लैंगिक स्वरूपाचा असल्यास २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. ते चित्र पुढे कुणालाही पाठवू नये. बालकांसाठीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहावा. शाळेतील सखी सावित्री समितीने आणि गावच्या बाल संरक्षण समितीने हा विषय बैठकीत घ्यावा. छळ करणारेही बहुधा मूलच असते. त्यालाही शिक्षेपूर्वी समज हवी.

प्रौढाला न्याय कायद्यातून मिळू शकतो. मुलाचा न्याय मात्र त्याचे म्हणणे प्रथम ऐकणाऱ्या मोठ्या माणसापासून सुरू होतो. तो माणूस बहुधा आपल्यापैकीच कुणीतरी असणार आहे.