मिक्सरवर बसण्याआधी पिन बघा

भिवंडीत सकाळी नाक्यावर उभ्या राहून स्लॅबच्या कामाला जाणाऱ्या बायकांतली मी एक. आज बोलायचंय ते साइटवर पोचण्याबद्दल.

पिकअपमागे जोडलेला काँक्रीटचा मिक्सर तुम्ही रोज बघता. पिकअपमध्ये घमेली, फावडी, व्हायब्रेटर, डिझेलचे कॅन. मग आपल्याला जागा कुठली? दोघी-तिघी मिक्सरच्या दांड्यावर, हाताला लागेल ते धरून. मीही बसलेय. दिवसभर घमेली वाहिल्यावर परत चालत कोण येणार?

चार वर्षांपूर्वी वाडा रस्त्याला माझी नणंद तशीच बसली होती. गतिरोधकावर मिक्सर उडाला आणि जोडाची पिन वर निसटली. दांड्याचं टोक रस्त्यात रुतलं, मिक्सर उलथला, तिचा पाय खाली आला. पिन कसली, साइटवरच्या सळईचा तुकडा! वरून वाकवलेला, खालून मोकळा. आता ती घरी बसून निवडणं-टिपणं करते. स्लॅबला येत नाही.

तेव्हापासून मी गाडी सुटायच्या आधी वाकून बघते. बाप्ये हसतात, हसू देत. पिन जाड आणि सरळ हवी, आणि तिच्या खालच्या भोकात काटपिन हवीच, म्हणजे कितीही उसळी बसली तरी ती वर येत नाही. शिवाय दांड्यापासून पिकअपच्या चासीपर्यंत दोन साखळ्या, दांड्याखालून एकमेकींना छेदून. पिन तुटलीच तर दांडा त्या साखळ्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. सुतळी नि नायलॉनची दोरी म्हणजे साखळी नव्हे.

या मिक्सरला स्वतःचा ब्रेक नसतो. पिकअप थांबली तरी मागचं वजन तिला ढकलतंच. उतारावर, पावसात तर पिकअप आडवी होते. म्हणून ड्रायव्हरदादांना सांगायचं, सावकाश न्या, पुढच्या गाडीपासून लांब राहा. वळणावर मिक्सर पिकअपच्या मागोमाग जात नाही, आतल्या बाजूने कापतो. आपल्या यंत्रमागाच्या गल्ल्यांत नेमकी कोपऱ्यावरच पोरं उभी असतात. तिथे एकीने आधी उतरून पोरांना मागे घ्यावं.

आणि बसायचं कुठे? मिक्सरवर नाही, आणि पिकअपच्या हौद्यातही नाही. मालाच्या गाडीत नुसतंच बसून निघालेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली सांगितलंय. मग मागायची गाडीमालकाकडे, आणि तो सापडला तर! मजुरीवर नेलेल्या कामगाराचा हक्क वेगळा असतो, पण आपलं नाव हजेरीवर नसेल तर तो सिद्ध करताना जीव जातो. म्हणून मुकादमाशी मजुरी ठरवतानाच रिक्षाभाडंही ठरवा. एकटीने म्हटलं तर तो दुसरीला उचलतो. आमच्या नाक्यावर आठजणी एकदम म्हणाल्या, तेव्हा दोन रिक्षा आल्या.

साइटवर पोचल्यावर एक राहतं. पिन काढायच्या आधी मिक्सरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. जमीन जरा उतरती असली की पिन निघताच मिक्सर चालायला लागतो, आणि दांड्यापुढे तेव्हा नेमकी कुणीतरी घमेली उतरवत वाकलेली असते.