धरणे : एका शब्दाची परंपरा



‘धरणे’ हा शब्द आज केवळ राजकीय वाटतो. त्याचे मूळ मात्र फार जुने आहे. संस्कृत ‘धृ’ धातूचा अर्थ धारण करणे, टिकवून धरणे. पूर्वी ऋणकोच्या दारात धनको उपाशी बसून राही. हाती शस्त्र नाही, मुखी शिवी नाही. क्लेश स्वतःला, लाज समोरच्याला!

देवाच्या दारीही धरणे धरीत. आळंदीस बसलेल्या अशा धरणेकऱ्यासाठी तुकोबांनी अभंग रचले. स्वतः तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या, तेव्हा ते नदीकाठी 13 दिवस अन्नपाण्याविना बसले, असे परंपरा सांगते. वाणीच्या स्वातंत्र्यासाठी याहून सात्त्विक आग्रह कोणता?

1810 मध्ये कंपनी सरकारने घरपट्टी लादली, तेव्हा काशीतील कारागीर-व्यापारी कामधंदा बंद ठेवून उघड्यावर बसले. अखेर तो कर मागे घ्यावा लागला. दैवी कोपाची भीती घालून दारात धरणे धरणे हा 1860 च्या दंडसंहितेने कलम 508 मध्ये गुन्हा ठरविला. स्वतंत्र भारताच्या संविधानाने मात्र कलम 19 द्वारे भाषणाचा आणि शांततेने, निःशस्त्र एकत्र येण्याचा अधिकार नागरिकांस दिला.

बस जाळणे म्हणजे धरणे नव्हे. तसेच, न पटणारा मनुष्य शांतपणे दारात बसला असता त्याला हुसकावणे हाही या परंपरेचा अवमानच होय. बसणाऱ्याने संयम धरावा, ऐकणाऱ्याने धीर धरावा. ‘धृ’ धातू दोघांनाही हेच शिकवितो.